रक्ताला विचारलेले दोन प्रश्न

अलिबागजवळच्या थळच्या किनाऱ्यावर कोंबडी हा धंदा कधीच नव्हता. धंदा मासळीचा आणि नारळ-सुपारीच्या वाड्यांचा. १९८५ मध्ये थळ-वायशेतचा खत कारखाना सुरू झाला तशी काही घरांत नोकरी आली. कोंबड्या असायच्या त्या परसात. दिवसभर उकिरडा उकरायचा, संध्याकाळी खुराड्यात शिरायचे, एवढाच त्यांचा कार्यक्रम. त्यांचा हिशेब घरातल्या बाईकडे. अंड्यांचे पैसे तिचे, पाहुणा आला तर कुठला कोंबडा कापायचा आणि देवासाठी कुठला राखायचा हेही तीच ठरवणार. आणि मर आली की अख्खे खुराडे रिकामे होतानाही तीच बघणार.

या मरीला आपल्याकडे मानमोडी म्हणतात. कोंबडी आधी मलूल होते, दाणा सोडते, हिरवट पातळ हगते, चोच उघडून श्वास घेते. मग पाय लुळे पडतात, मान पिळवटते आणि दोन-चार दिवसांत खेळ आटोपतो. पण बहुधा एखाददुसरी तगते. जुन्या बायका अशा तगलेल्या कोंबडीची अंडी विकत नाहीत. ती खुडूक झाली की त्याच अंड्यांवर तिला बसवतात. ही वाचली म्हणजे हिच्या रक्तात काहीतरी आहे आणि ते पिल्लांत उतरेल, असा त्यामागचा साधा हिशेब.

हिशेब अर्धा बरोबर आहे. रोगातून उठलेल्या कोंबडीच्या रक्तात त्या विषाणूविरुद्ध प्रतिपिंडे, म्हणजे अँटिबॉडीज, तयार झालेल्या असतात. त्या अंड्याच्या बलकातून पिल्लाला मिळतातही. पण ही उसनवारी असते. दोन-तीन आठवड्यांत संपते. कोंबडी मुळात ज्या गुणामुळे तगली तो गुण जनुकांतला असेल, तरच तो पिल्लांत कायमचा उतरतो. आणि ती निव्वळ नशिबाने वाचली असेल, तर पुढच्या मरीत तिची पिल्लेही बाकीच्यांसारखीच जाणार. बाहेरून बघून यातले खरे कुठले ते सांगता येत नाही. रक्तच सांगू शकते, तेही नेमके विचारले तर.

गेल्या सव्वाशे वर्षांत माणसाने कोंबडीच्या रक्ताला दोन प्रश्न विचारले. तुला काय होऊन गेले, हा पहिला. तुला कशाची बाधा होणार नाही, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर काढायची यंत्रणा आज पुण्याच्या औंधपासून भोपाळपर्यंत उभी आहे. दुसऱ्याचे उत्तर सापडले, सिद्धही झाले, आणि तरी बाजूला पडले. ही हकिगत त्या दोन प्रश्नांची.

सुरुवात पिल्लांच्या मरणापासून झाली. १९०० च्या सुमारास अमेरिकेत लिओ रेट्गर हे जंतुशास्त्रज्ञ पांढऱ्या हगवणीने मरणाऱ्या कोवळ्या पिल्लांचा मागोवा घेत होते. अंड्यातून बाहेर आल्यावर पहिल्या दोन-तीन आठवड्यांत पिल्ले पटापट मरायची. जंतू सापडला, पुढे त्याला साल्मोनेला पुलोरम हे नाव मिळाले. पण खरा घोळ वेगळाच होता. हा जंतू आईच्या अंडाशयात दडून बसायचा आणि अंड्यावाटे पिल्लात जायचा. आई मात्र दिसायला ठणठणीत, तुरा लाल, अंडी चालू. तिला डोळ्यांनी ओळखणे अशक्य. १९१३ मध्ये एफ. एस. जोन्स यांनी तिच्या रक्ताकडून कबुली काढायची युक्ती शोधली. रक्तातला पातळ द्रव आणि मारलेले जंतू एका नळीत एकत्र करायचे. कोंबडीला लागण होऊन गेली असेल तर तिची प्रतिपिंडे जंतूंना धरून त्यांचे गठ्ठे करतात.

१९३१ मध्ये ही परीक्षा प्रयोगशाळेतून थेट कोंबड्यांच्या शेडमध्ये आली. मारलेले जंतू जांभळ्या रंगात रंगवून ठेवायचे, मग नळी नको आणि दिवसभर वाट बघणेही नको. आजही ती जवळजवळ तशीच होते. एक माणूस कोंबडी काखेत धरतो. दुसरा पंखाच्या आतल्या बाजूची पिसे सारतो. तिथे कातडीखालून जाणारी निळसर शीर दिसते. शिरेत सुई टोचायची, तारेच्या बारीक कडीने थेंब उचलायचा, पांढऱ्या फरशीवर आखलेल्या चौकोनातल्या जांभळ्या थेंबात मिसळायचा आणि फरशी हातात घेऊन हलकेच डोलवायची. निरोगी कोंबडीचे मिश्रण एकजीव राहते. लागण झालेलीचे दोन मिनिटांच्या आत दूध नासावे तसे फाटते आणि जांभळे कण वेगळे होतात. त्या कोंबडीची रवानगी थेट कळपाबाहेर. १९३५ मध्ये अमेरिकेत या परीक्षेच्या पायावर राष्ट्रीय कुक्कुट सुधार योजना उभी राहिली आणि काही दशकांत तिथल्या व्यापारी कळपांतून पुलोरम जवळजवळ हद्दपार झाला. पैदाशीचे पक्षी सांभाळणाऱ्या आपल्या फार्मांवरही ही परीक्षा रुळली.

एक गोष्ट मात्र नजरेआड होऊ नये. फरशीवर दोषी ठरलेली कोंबडी ही त्या रोगातून तगलेली कोंबडी असते. तिच्या बहिणी पिल्लपणीच मेल्या, ती वाचली. पण पहिल्या प्रश्नाला तिच्या वाचण्याशी घेणे नाही. रोग अंड्यातून पसरवणारी म्हणून ती गुन्हेगार, आणि त्या हिशेबाने तिला बाद करणे बरोबरच होते.

पहिला प्रश्न अधिक धारदार झाला तो मानमोडीमुळे. १९२६ मध्ये जावा बेटावर आणि इंग्लंडमधल्या न्यूकॅसल या बंदराजवळ कोंबड्या एका नव्याच रोगाने मरू लागल्या. १९२७ मध्ये कुमाऊँच्या डोंगरात राणीखेतला तेच झाले. मुक्तेश्वरच्या पशुरोग संशोधन संस्थेत जे. टी. एडवर्ड्स यांनी हा रोग नोंदवला, आणि जगाने ज्याला न्यूकॅसल म्हटले तो भारतात राणीखेत झाला. पुढे मुक्तेश्वरलाच हा विषाणू कोंबडीच्या अंड्यांतून वारंवार वाढवून सौम्य केला गेला. त्यातून आलेली आरटूबी लस आजही सहा-आठ आठवड्यांच्या तलंगांना टोचतात. कोवळ्या पिल्लांच्या डोळ्यात किंवा नाकात लासोटा नाहीतर एफ लसीचा थेंब टाकतात.

या विषाणूला रक्ताच्या आधाराने पकडण्याची रीत १९४१ मध्ये जवळजवळ अपघाताने सापडली. न्यूयॉर्कमध्ये जॉर्ज हर्स्ट इन्फ्लुएंझाचा विषाणू कोंबडीच्या भ्रूण असलेल्या अंड्यांत वाढवत होते. अंड्यातला द्रव काढताना एक बारीक रक्तवाहिनी फाटली, रक्त द्रवात उतरले आणि लाल पेशी एकमेकींना चिकटून गुठळ्या झाल्या. हे काम विषाणूचे होते. म्हणजे लाल पेशी विषाणूची खूण दाखवतात. आणि मध्ये प्रतिपिंडे घातली तर विषाणू बांधला जातो, पेशी मोकळ्या राहतात. पुढच्याच वर्षी ऑस्ट्रेलियात मॅकफार्लेन बर्नेट यांनी न्यूकॅसलचा विषाणूही असाच वागतो हे दाखवले.

तेव्हापासून आजतागायत मानमोडीविरुद्धची कोंबडीची प्रतिकारशक्ती मोजायची म्हटले की अनेक प्रयोगशाळांत हीच परीक्षा होते. छोट्या शंकूसारख्या खळ्यांची एक प्लास्टिकची ताटली घेतात. पहिल्या खळ्यात कोंबडीचा रक्तद्रव निम्मा पातळ, पुढच्यात त्याच्या निम्मा, असे करत जातात. प्रत्येक खळ्यात ठरावीक मोजमापाचा विषाणू आणि शेवटी निरोगी कोंबडीच्या धुतलेल्या लाल पेशी. अर्ध्या-पाऊण तासाने ताटली तिरकी धरायची. प्रतिपिंडे पुरेशी असलेल्या खळ्यात पेशींचा ठिपका तळाला बसलेला असतो आणि तिरका करताच लाल ओघळ होऊन वाहतो. प्रतिपिंडे कमी पडली की पेशी खळ्याच्या भिंतीवर जाळीसारख्या पसरतात, जागच्या हलत नाहीत. सोळापट पातळ करूनही ओघळ आला तर त्या पक्ष्याला लागण झालेली किंवा लस मिळालेली आहे असे धरतात. पिल्लात आईकडून आलेली प्रतिपिंडे किती शिल्लक आहेत हेही यातून कळते आणि त्यावरून लस कधी द्यायची ते ठरते, कारण आईची शिदोरी बाकी असताना दिलेली लस बरीचशी वाया जाते.

दुसऱ्या प्रश्नाची सुरुवात रोगातून झालीच नाही. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठात पक्ष्यांच्या लाल पेशींवरच्या खुणा वंशपरंपरेने कशा उतरतात याचा अभ्यास चालू होता. माणसाच्या ए, बी, ओ रक्तगटांसारखे कोंबडीतही गट आहेत, हे कळले होते. १९५० मध्ये एल्वूड ब्राइल्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यातली एक पद्धत वेगळी काढून तिला ‘बी’ हे नाव दिले. माणसाच्या बी रक्तगटाशी तिचा काही संबंध नाही. या एका पद्धतीत चकित करणारी विविधता होती: बी१३, बी१९, बी२१ असे प्रकारच प्रकार. ब्राइल्स नंतर डीकाल्ब या बियाणे आणि कोंबडी-पैदाशीच्या कंपनीत गेले आणि रक्तगट पाहून पैदाशीची निवड करता येते का, याचा तपास तिथे चालू राहिला.

१९६१ मध्ये आयोवाच्या शियरमन आणि नॉर्डस्कॉग यांनी एका कोंबडीच्या कातडीचा तुकडा दुसरीवर लावून पाहिला. बी गट जुळला तर कातडी जास्त टिकते. न जुळला तर शरीर ती झटकून टाकते. म्हणजे बी ही केवळ लाल पेशींवरची निशाणी नव्हती. शरीराने आपले कुठले आणि परके कुठले हे ज्या जनुकांच्या आधाराने ओळखायचे, तीच ही जनुके. आणि जे परके ओळखते तेच रोगाशी झुंजते.

या शोधाची कसोटी लागली मारेकच्या रोगावर. हंगेरीतले पशुवैद्य योझेफ मारेक यांनी १९०७ मध्ये पाय लुळे पडलेल्या चार कोंबड्यांचे वर्णन केले होते. पुढे कोंबड्या एकत्र कोंडून वाढवण्याचा जमाना आला, तसा तो रोग गाठींचा झाला आणि कळपच्या कळप घेऊ लागला. कॉर्नेल विद्यापीठात रँडल कोल यांनी एकाच मूळ कळपातून दोन वंश काढले: मारेकला टिकणारा आणि मारेकला बळी पडणारा. फरक काही पिढ्यांतच उघडा पडला. १९७७ मध्ये ब्राइल्स, स्टोन आणि कोल यांनी या दोन वंशांचे रक्त तपासले. टिकणाऱ्यांत बी२१, बळी पडणाऱ्यांत बी१९. दोन्हींच्या संकरातल्या पिल्लांतही ज्याच्याकडे बी२१ होता त्याचे पारडे जड. पंखाखालच्या शिरेतला एक थेंब, आणि लागण होण्याच्या आधीच भविष्याचा अंदाज! माणसात असा सरळ संबंध क्वचित दिसतो. कोंबडीत तो का दिसतो याचे कारण १९९९ मध्ये जिम कॉफमन आणि सहकाऱ्यांनी मांडले: माणसाच्या आपले-परके ओळखणाऱ्या जनुकपट्ट्यात शेकडो जनुके गर्दी करून आहेत, कोंबडीच्या पट्ट्यात जेमतेम १९. त्यामुळे एका प्रकाराच्या असण्या-नसण्याचा परिणाम लगेच उमटतो.

मग या शोधाचे झाले काय? लस आधीच आली होती. १९७० च्या आसपास टर्की पक्ष्यातल्या एका निरुपद्रवी जवळच्या विषाणूपासून मारेकची लस तयार झाली. अंड्यातून निघालेल्या पिल्लाला पहिल्याच दिवशी टोचायची, किंमत नगण्य. रक्तगट तपासून, निवडून, पिढ्यान्‌पिढ्या वंश घडवण्याचा खटाटोप आता कोण करतो? पुढे हाय-लाइनसारख्या काही कंपन्यांनी आपल्या शुद्ध वंशांत बी गट बघणे सोडले नाही, पण ते ज्ञान त्यांच्या पैदास-फार्मांच्या कुंपणाआड राहिले. मारेकची लस गाठी रोखते, संसर्ग रोखत नाही. लसवंत पक्षी जिवंत राहून विषाणू पसरवत राहतात, आणि त्यामुळे अधिक जहाल विषाणूंना टिकून राहायला वाव मिळतो, हे अँड्र्यू रीड आणि सहकाऱ्यांनी प्रयोगाने दाखवायला २०१५ साल उजाडले.

भारतातला कोंबडीचा धंदा नेमक्या याच लसीच्या काळात वाढला. स्वातंत्र्यानंतर सरकारने प्रादेशिक कुक्कुट केंद्रे काढली, त्यातले एक मुंबईत आरे वसाहतीत. तिथून व्हाइट लेगहॉर्न आणि ऱ्होड आयलंड रेड पक्षी बाहेर पडू लागले. १९७१ मध्ये बी. व्ही. राव यांनी व्यंकटेश्वरा हॅचरीज उभी केली आणि पुढे पुणे तिचे ठाणे झाले. अमेरिकी पैदाशीचे वंश, हॅचरी, खाद्य आणि लस असा सगळा संच एकत्र मिळू लागला. १९८२ मध्ये राष्ट्रीय अंडी समन्वय समिती आली आणि अंड्याचा भाव रोजच्या रोज जाहीर होऊ लागला. १९५०-५१ मध्ये देशात सुमारे १८३ कोटी अंडी झाली होती. २०२२-२३ मध्ये ती १३,८३८ कोटींवर गेली. ही भरारी निवडीच्या ज्या पद्धतीतून आली तिच्या केंद्रस्थानी अंडी, वजन आणि खाद्याचा हिशेब होता. रोगाची बाजू लस आणि शेडची स्वच्छता सांभाळणार, हे गृहीत होते.

त्या हिशेबात किंमत कुठे मोजली जाते, हे व्हर्जिनियात पॉल सीगल यांनी दाखवून दिले होते. त्यांनी मेंढीच्या लाल पेशी कोंबड्यांना टोचून ज्यांच्या रक्तात जास्त प्रतिपिंडे उठतात त्यांचा एक वंश काढला, कमी उठतात त्यांचा दुसरा. जास्त प्रतिपिंडे देणाऱ्या कोंबड्या अंगाने लहान राहिल्या. शरीराची शक्ती मर्यादित. संरक्षणावर खर्च झाली की वाढीला कमी उरते. मांस किलोने विकणाऱ्याला ही बातमी आवडणार कशी? बरेलीजवळच्या इज्जतनगरला केंद्रीय पक्षी संशोधन संस्थेनेही मेंढीच्या पेशींची ही कसोटी आपल्या वंशांवर लावली. परसातल्या पालनासाठी हैदराबादला घडवलेली वनराजा तर चांगल्या प्रतिकारशक्तीचा पक्षी म्हणूनच गावोगाव पोचली. पण सरकारी योजनेत मिळालेल्या वनराजाच्या पिल्लांबरोबर गावठी कोंबडी मागे पडत गेली, आणि तिच्या रक्तात काय होते ते फारसे कोणी विचारले नाही.

फेब्रुवारी २००६ मध्ये महाराष्ट्राला पहिल्या प्रश्नाची खरी निकड कळली. नंदुरबार जिल्ह्यात, गुजरातच्या सीमेवरच्या नवापूरच्या पोल्ट्री फार्मांवर कोंबड्या मरू लागल्या. सुरुवातीला ही मानमोडीच असावी, असे अनेक पोल्ट्रीवाल्यांना वाटत होते. लक्षणे बरीच जुळत होती. १८ फेब्रुवारीला भोपाळच्या उच्च सुरक्षा प्रयोगशाळेचा निर्णय जाहीर झाला: एच५एन१, बर्ड फ्लू. भारतातला पहिला. या रोगात कोंबडी इतक्या झटपट मरते की रक्तात प्रतिपिंडे उठायला सवडच मिळत नाही. म्हणून तिथे घशातला आणि गुदमार्गातला स्वॅब घेतात. रक्त तपासतात ते नंतर, आजूबाजूचे पक्षी आणि माणसे यांच्यात विषाणू चोरपावलांनी फिरून गेला का ते बघायला. नवापूरला लाखो पक्षी मारून पुरले गेले. माणसांत मात्र लागण आढळली नाही.

त्याच साली थायलंडमधून एक अहवाल आला. तिथल्या गावठी कोंबड्यांत, बर्ड फ्लूतून वाचलेल्यांत बी२१ दिसत होता, मेलेल्यांत बी१३. दुसरा प्रश्न पुन्हा जिवंत झाला असे क्षणभर वाटले. पण २०१० मध्ये प्रयोगशाळेत ठरवून संसर्ग देऊन पाहिले तेव्हा बी गटाचे इतके निर्णायक संरक्षण दिसले नाही. कोंबडी किती तास झुंजते यात थोडाफार फरक पडला, एवढेच. मारेकवर चालणारी किल्ली प्रत्येक कुलपाला लागेलच असे नाही. मानमोडीत, पुलोरममध्ये, रक्ती हगवणीत ती किती लागते हे त्या-त्या कळपाचे रक्त बघूनच ठरवावे लागेल.

जानेवारी २०२५ मध्ये बर्ड फ्लू रायगडात उरण तालुक्यातल्या चिरनेरला आला. १९३० च्या जंगल सत्याग्रहाचे हे गाव, थळपासून धरमतरची खाडी ओलांडली की पलीकडचे. नमुने आधी पुण्याला, मग भोपाळला गेले. अहवाल आल्यावर एक किलोमीटरच्या परिघातल्या कोंबड्या मारण्यात आल्या, आजारी आणि धडधाकट दोन्ही. कायदा तसाच आहे आणि माणसाच्या जिवाच्या दृष्टीने तो योग्यही आहे. पण पुलोरमच्या फरशीवर जे झाले तेच इथे मोठ्या प्रमाणावर झाले. जी वाचली असती तीही गेली, आणि तिच्या रक्तात उत्तर होते का ते कळण्याचा मार्गही बंद झाला.

दुसऱ्या प्रश्नाचा तपास मरीनंतर करता येत नाही. तो आधीच करून ठेवावा लागतो. आज त्याला प्रयोगशाळा गावात न्यावी लागत नाही. टीपकागदाच्या कार्डावर वाळवलेला रक्ताचा एक थेंब पुरतो, आणि बी पट्ट्यातल्या एलईआय०२५८ नावाच्या एका जनुकीय खुणेवरून गट कळू शकतो. परळला १८८६ पासूनचे पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, शिरवळला दुसरे आहे, दापोलीला कोकणचे कृषी विद्यापीठ आहे. अलिबाग, मुरुड, उरणच्या परसातल्या गावठी कोंबड्यांचे थेंब कार्डांवर उतरवून, कुठल्या मरीत कुठली गेली आणि कुठली टिकली याची नोंद त्यांच्याशी जोडायला पिंजरे लागत नाहीत आणि बाहेरून आणलेले वंशही लागत नाहीत. लागते ती दहा-पंधरा वर्षांची चिकाटी. ती बाजार दाखवणार नाही. लस विकणाऱ्याला आणि पिल्ले विकणाऱ्याला तिच्यात लाभ नाही. पहिल्या प्रश्नासाठी कायदा, यंत्रणा आणि पैसा आहे. दुसरा सार्वजनिक संस्थांनी हाती घेतला तरच सुटेल, आणि गावठी रक्त शिल्लक आहे तोवरच.